उथळ पाण्याला खळखळाट फार: सरकत्या वाळूवरची लाट कशी ओळखायची

भडगावच्या खालच्या अंगाला गिरणेच्या पात्रात आम्ही पाच-सहा जण वाळूवर बसलो होतो. नवरात्र उलटून गेलेले, कपाशीची पहिली वेचणी घरात आलेली. भाच्याच्या डोक्यात मात्र एकच विषय होता: दिवाळीला मामाबरोबर कोकणात जायचे आणि सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून पळणे, शिकायचे. मोबाईलवर त्याने पन्नास व्हिडिओ पाहिले असतील. "मामा, बोर्डावर उभं कसं राहायचं ते आत्ताच दाखव ना," म्हणाला.

उभे राहणे दाखवायला दहा मिनिटे पुरतात. पालथे पडायचे, छातीपाशी हात टेकायचे आणि एका झटक्यात पाय खाली घ्यायचे. ते मी त्याला वाळूवरच करून दाखवले. पण ज्या किनाऱ्यावर आम्ही जातो तिथे हे सगळ्यात शेवटचे काम आहे. तिथे जीवरक्षक नाही, फलक नाही, रस्ताही पुळणीपर्यंत, म्हणजे वाळूच्या काठापर्यंत येत नाही. सड्यावर, म्हणजे किनाऱ्यामागच्या उंच पठारावर गाडी लावायची, काजूच्या बागेतून पाऊण तास उतरायचे आणि नऊ फुटी बोर्ड डोक्यावर घेऊन खाली पोचायचे. मोबाईलची रेंज सड्यावरच संपते. त्या किनाऱ्याचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. वाचून कोणी पोहायला गेले आणि वर खेचून काढायला कोणी नसले, तर ते पाप मला नको.

आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तिथली लाट ज्या वाळूवर फुटते ती वाळू एका जागी राहत नाही. या महिन्यात पाहिलेली जागा पुढच्या महिन्यात नसते. म्हणून मी भाच्याच्या हातात बाभळीची काडी दिली आणि म्हणालो, आधी समुद्राचा तळ काढायला शीक.

खानदेशातल्या माणसाला हे जमणार नाही असे बऱ्याच जणांना वाटते. समुद्र आपल्यापासून लांब, हे खरे. पण वाळूवरून वाहणारे पाणी आपण जन्मापासून पाहतो. नदीतून पलीकडे जाताना माझे आजोबा काठाशी दोन मिनिटे नुसते उभे राहत. मी घाई केली की म्हणत, "पानी उथळ व्हई तठे ते बोलस, खोल व्हई तठे गुपचूप ऱ्हास." उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण आपण माणसांना लावतो, पण ती मुळात पाण्याचीच आहे आणि अक्षरशः खरी आहे. वाळूच्या किनाऱ्यावरची लाट समजून घ्यायला हे एक वाक्य हातात धरले तरी निम्मे काम होते.

लाट फुटते म्हणजे काय होते

वारा समुद्राच्या पृष्ठभागावर घासत जातो आणि पाण्याला ऊर्जा देतो. लाट म्हणून जे पुढे सरकते ती ही ऊर्जा. पाणी स्वतः फारसे पुढे जात नाही, जागच्या जागी गोल फिरते. ज्वारीच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक जाते तेव्हा कणसे एकामागून एक झुकतात, पण ताट आपल्या मुळावरच असते. तसेच काहीसे.

दोन लाटांचे माथे एकाच जागेवरून जायला जितके सेकंद लागतात त्याला आवर्तकाळ म्हणतात. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटांचा आवर्तकाळ पाच-सात सेकंदांचा असतो. पण हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेला, 40 ते 60 अक्षांशांच्या पट्ट्यात वर्षभर वादळे घोंघावत असतात. तिथून निघालेल्या लाटा लांबच्या प्रवासात निवळत जातात आणि आपल्यापर्यंत 12 ते 18 सेकंदांच्या आवर्तकाळाने, एकसारख्या रांगेत येतात. सर्फिंग करणारे त्यांना स्वेल म्हणतात. 14 सेकंदांच्या स्वेलची ऊर्जा खोल समुद्रात ताशी साधारण 39 किलोमीटरने सरकते. म्हणजे कोकणात आज फुटलेली लाट सातेक दिवसांपूर्वी अंटार्क्टिकाच्या वाटेवर कुठेतरी जन्मलेली असते. पुळणीवर पाय सोडून बसलो की हा हिशेब माझ्या मनात दर वेळी येतो, आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

खोल समुद्रात 14 सेकंदांच्या लाटेची लांबी 300 मीटरच्या आसपास भरते. लांबीच्या निम्म्याहून कमी खोली झाली की लाटेला तळ लागू लागतो. म्हणजे ही लाट दीडशे मीटर खोल पाण्यातच तळाला अडखळायला लागते. सहा सेकंदांच्या लाटेला मात्र तळ लागतो तो 28 मीटरवर. तळ लागला की लाटेचा वेग कमी होतो, मागून येणारी ऊर्जा दाटते आणि लाट उंच होत जाते. शेवटी पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाटेचा माथा पायापेक्षा पुढे पळतो आणि कोसळतो. एक मीटरची लाट सव्वा-दीड मीटर पाण्यात फुटते, हे ढोबळ गणित भाच्याला मी पाठच करायला लावले.

यातून लगेच एक गोष्ट हाती येते. लाट कुठे फुटते हे दिसले की तिथे पाणी किती आहे हेही कळते. पाण्यात न उतरता, काठावर बसून. पांढरा फेस जिथे आहे तिथे तळ वर आलेला आहे. फेसाच्या दोन पट्ट्यांमध्ये जिथे पाणी गडद, गुळगुळीत आणि शांत दिसते, तिथे खोली आहे.

वाळूचा दांडा का तयार होतो

काही ठिकाणी लाट खडकावर किंवा प्रवाळावर फुटते. तिथे तळ पक्का असल्यामुळे लाट वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच आकाराने फुटते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधले सर्फिंग ताहितीच्या तेआहुपो इथे झाले, ती प्रवाळावरची लाट. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 च्या जुलैत, सर्फिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले ते त्सुरिगासाकी नावाच्या वाळूच्या किनाऱ्यावर. तिथे खेळाडूंना लाट फुटण्याची जागा रोज नव्याने शोधावी लागत होती. ब्राझीलच्या इतालो फेरेराचा बोर्ड अंतिम फेरीत पहिल्याच लाटेवर मोडला आणि तरी दुसऱ्या बोर्डावर त्याने सुवर्णपदक मिळवले.

शाळेच्या भूगोलात आपण वाळूचा दांडा शिकलो, तोच हा. किनाऱ्यापासून थोडे आत, पाण्याखाली, वाळूचा लांबट उंचवटा. तो तिथेच का साठतो, याचे उत्तर लाटेच्या चालीत आहे. उथळ पाण्यात लाटेच्या माथ्याखालचे पाणी किनाऱ्याकडे जोरात पण थोडाच वेळ ढकलते, आणि दोन माथ्यांमधल्या खोलगटाखालचे पाणी मागे हळू पण बराच वेळ ओढते. वाळूचा कण जड. हळू ओढीने तो हलत नाही, जोराच्या ढकलीने मात्र हलतो. त्यामुळे लाटा शांत असताना वाळू किनाऱ्याकडे सरकत राहते. लाटा मोठ्या झाल्या की त्या बाहेरच फुटतात, किनाऱ्याकडे बरेच पाणी लोटतात, आणि ते पाणी तळालगत मागे फिरताना वाळू घेऊन समुद्राकडे जाते. बाहेरून आत येणारी आणि आतून बाहेर जाणारी वाळू जिथे भेटते, म्हणजे लाट फुटते त्याच पट्ट्यात, तिथे ढीग पडतो. लाट दांड्यावर फुटते, आणि दांडा लाट फुटते म्हणून तिथे असतो. दोघे एकमेकांना घडवत असतात.

पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर तीन-चार मीटरच्या लाटा आदळतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी, पण समुद्रही तेव्हा जाण्यासारखा नसतोच. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पुळणीवरची वाळू उचलून बाहेर नेली जाते. गणपतीला गेलात तर किनारा अरुंद आणि उताराचा दिसतो, माडांची मुळे उघडी पडलेली असतात. ती वाळू हरवलेली नसते. ती बाहेर, पाण्याखाली लांबच लांब दांड्याच्या रूपाने पडून असते. ऑक्टोबरपासून लाटा निवळल्या की तीच वाळू हळूहळू परत येऊ लागते. न्यायला दोन-तीन दिवसांचे वादळ पुरते, आणायला आठवडेच्या आठवडे लागतात.

परत येताना दांडा सरळ राहत नाही. तो वाकतो, तुटतो, चंद्रकोरींसारखा होतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 1984 साली किनाऱ्याच्या सहा अवस्था मांडल्या. एका टोकाला रुंद, सपाट, लांबवर फेसाळणारा किनारा आणि दुसऱ्या टोकाला अरुंद, खडा उतार. मधल्या चार अवस्था म्हणजे हाच तुटक, वेडावाकडा दांड्यांचा खेळ. सर्फिंगला चांगली लाट मिळते ती बहुतेक याच मधल्या अवस्थांत. आणि जीव जातात तेही याच अवस्थांत.

कारण सरळ आहे. दांडा एकसारखा लांब असेल तर लाट त्याच्या पूर्ण लांबीवर एकाच क्षणी कोसळते. भिंत पडावी तशी. तिच्यावर आडवे पळायला जागाच उरत नाही. सर्फिंगवाले याला क्लोजआउट म्हणतात. पण दांडा मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असेल तर लाट मध्यावर आधी फुटते आणि तिथून डावी-उजवीकडे उलगडत जाते. चटई गुंडाळी सोडत जावी तशी. त्या उलगडणाऱ्या कडेच्या थोडे पुढे राहून पळत राहणे म्हणजे सर्फिंग.

पाट फुटतो ती जागा

आता दोन दांड्यांमधल्या खिंडीकडे येऊ. लेखातला हा भाग जो सर्फिंग कधीच करणार नाही त्यानेही वाचावा असे मला मनापासून वाटते.

भाच्याला मी वाळूत दोन दांडे काढून दाखवले, त्यांच्यामध्ये हातभर खिंड ठेवली, आणि ओंजळीने पाणी दांड्यांवरून आत ओतत राहिलो. आत पाणी साचले. वर चढायला वाट नाही म्हणून ते बाजूला सरकले, आणि मग सगळे मिळून त्या खिंडीतून भळकन बाहेर निघाले. जाताना खिंडीच्या दोन्ही कडांची वाळू कुरतडली आणि खिंड आणखी खोल झाली. खोल झाली म्हणून पुढचे पाणी आणखी जोराने गेले. भाचा म्हणाला, "हे तर शेतातला दंड फुटतो तसं झालं." अगदी तसेच. रात्रीच्या बाऱ्याला ज्याने केळीत किंवा उसात पाणी भरले आहे त्याला माहीत असते: बांधाला उंदराच्या बिळाएवढे भोक पडले की पाणी तिथेच धावते, आणि फावडे घेऊन पोचेपर्यंत तिथे घळ पडते. पांझरा नदीच्या फडावर, म्हणजे गावाने मिळून पाटाचे पाणी वाटून घेतलेल्या शेतीवर, पाटकरी नुसत्या पाण्याच्या चालीवरून सांगतो की वर कुठे गळती आहे. तीच नजर इथे लागते.

समुद्रात ह्या खिंडीतून बाहेर जाणाऱ्या प्रवाहाला रिप करंट म्हणतात. मी साधे ओढ म्हणतो. लाटा सतत पाणी आत लोटत असतात, त्यामुळे ही ओढ सतत चालू असते. सेट आला, म्हणजे मोठ्या लाटांची एक टोळी आली, की ती एकदम जोर धरते. ओढीचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत असतो, पण जोरावर असली की दोन मीटरच्या पुढेही जातो. त्या वेगापुढे पट्टीचा पोहणाराही जागचा हलत नाही.

आणि दिसायला ती कशी असते? शांत. खिंडीत पाणी खोल असल्यामुळे लाट तिथे फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळतोय आणि मध्ये निळसर-हिरवा, गुळगुळीत पट्टा आहे. आपल्याकडून कोकणात जाणारी मुले काठावर उभी राहतात, लाटा पाहून बिचकतात आणि पाण्यात उतरायला नेमकी तीच निवांत दिसणारी जागा निवडतात. नदीवर वाढलेल्या माणसाचा शांत पाण्यावर विश्वास नसतो, पण समुद्रापुढे उभे राहिले की तो आपली शहाणीव विसरतो. पाणी गुपचूप आहे म्हणजे तिथे डोह आहे, हे समुद्रालाही लागू आहे.

ओढीत सापडलात तर ती तुम्हाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. बुडतो तो दमल्यामुळे. किनारा समोर दिसत असतो, माणूस सरळ त्याच्याकडे हात मारत राहतो, प्रवाहाविरुद्ध, आणि दोन-तीन मिनिटांत संपतो. म्हणून पहिले काम म्हणजे उताणे होऊन तरंगणे आणि श्वास सावरणे. हात वर करून काठावरच्यांना दिसू द्यावे. मग किनाऱ्याला समांतर, जवळच्या फेसाच्या दिशेने सरकावे. फेस आहे तिथे दांडा आहे, तिथे कदाचित पायही टेकतील, आणि फुटलेल्या लाटा स्वतःच आत ढकलतील. काही ओढी गोल फिरून माणसाला पुन्हा दांड्यावर आणूनही सोडतात, पण त्या भरवशावर राहू नये. आणि कोणी वाहत जाताना दिसला तर रिकाम्या हाताने मागे उडी मारू नका. कॅन, फुगवलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा ड्रम, तरंगणारे काहीही आधी फेका.

सर्फिंग करणारा मात्र ह्याच ओढीचा रस्ता करतो. फेसातून बोर्ड ढकलत बाहेर जायला अर्धा तास लागला असता, तिथे खिंडीतून पालथे पडून पाच मिनिटांत लाटांच्या मागे पोचता येते. पाणी तेच, ओढ तीच. फरक इतकाच की त्याच्याजवळ तरंगणारी वस्तू असते, ती घोट्याला दोरीने बांधलेली असते, आणि ओढ कुठे संपते हे त्याने आधी वरून पाहिलेले असते.

दोन माडांची गोष्ट

हे पाहणे किती ताजे असावे लागते ते मी एकदा अंगावर घेऊन शिकलो. एका नोव्हेंबरात आम्हाला त्या किनाऱ्यावर फार सुंदर जागा सापडली होती. किनाऱ्यावरचे दोन माड एका रेषेत आले की नेमके तिथे थांबायचे, लाट बरोबर पायाशी येऊन उठायची. पुढच्या जानेवारीत पुन्हा गेलो. सड्यावर थांबून पाहायला हवे होते, पण उशीर झाला होता आणि जागा तर पाठ होती. सरळ उतरलो, बोर्ड टाकला आणि दोन माड एका रेषेत येईपर्यंत हात मारत गेलो.

तिथे एकही लाट फुटेना. पाणी गार आणि गडद. मागे पाहिले तर दोन माड एका रेषेत राहिनात, हळूहळू लहान होत होते. दांडा सरकून दूर गेला होता आणि मी त्याच्या खिंडीत बसलो होतो. घाबरून मी किनाऱ्याकडे हात मारायला लागलो, जे करू नये तेच. खांदे भरून आले तेव्हा कुठे डोके ठिकाणावर आले. बोर्डाला मिठी मारून पडून राहिलो, मग आडवा जात जात फेस गाठला. पाण्यातून बाहेर आलो तेव्हा पाय थरथरत होते. माड जागेवर होते. त्यांच्यासमोरची वाळू गेली होती.

त्या दिवशी पुळणीवर रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारी मंडळी होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या रापणकराने मला विचारले, "हल्लीच आलास काय?" मी म्हणालो, नोव्हेंबरात येऊन गेलो. तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, "तेव्हाचा तळ आता कुठला? जाळं टाकायच्या आधी आम्ही रोज बघतो." त्यांना बघावेच लागते. जाळ्याचा तळ कुठे अडकेल, कुठे वरून मासे निसटतील, हे वाळूवरच ठरते. अशा किनाऱ्यावर कोणाचे ऐकायचे असेल तर आधी त्यांचे ऐकावे.

तेव्हापासून सड्यावरून निदान वीस मिनिटे पाहिल्याशिवाय मी खाली उतरत नाही. वीस मिनिटे यासाठी की मोठ्या लाटा टोळीने येतात आणि दोन टोळ्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटेही जाऊ शकतात. पाच मिनिटे पाहणाऱ्याला समुद्र लहान वाटतो. उंचीवरून उथळ वाळू फिकट आणि खोल पाणी गडद दिसते. मी डोळे थोडे मिटून पाहतो, म्हणजे एकेक लाट दिसेनाशी होते आणि जिथे पुन्हा पुन्हा फेस होतो तेवढे पांढरे पट्टे डोळ्यांत उरतात. संशोधकही किनाऱ्यावर कॅमेरे लावून दहा-दहा मिनिटांच्या छायाचित्रांची सरासरी काढतात, तेव्हा पाण्याखालचा दांडा पांढऱ्या रेघेसारखा उमटतो. मग मी वहीत तो नकाशा काढतो, तारीख आणि तिथी घालतो.

तिथी कशाला

तिथी महत्त्वाची आहे, आणि पंचांग तर आपल्या प्रत्येक घरात भिंतीला असते.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, भरती-ओहोटीतला फरक मोठा होतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, फरक कमी. मालवणकडे उधाणाला हा फरक दोन मीटरच्या पुढे जातो. आता मघाचे गणित आठवा. एक मीटरची लाट सव्वा मीटर पाण्यात फुटते. ओहोटीला दांड्यावर सव्वा मीटर पाणी असेल तर लाट तिथे छान फुटेल. भरतीला त्याच दांड्यावर सव्वातीन मीटर पाणी चढते, लाट त्यावरून न फुटता निघून जाते आणि थेट पुळणीच्या काठावर, गुडघाभर पाण्यात आपटते. मानेला आणि खांद्याला इजा होते ती अशाच वेळी. एकाच दिवसात एकच दांडा चांगला, वाईट आणि धोक्याचा, तिन्ही असू शकतो.

भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट करायची. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीडला, चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. हा हिशेब मुंबईच्या आसपास जुळतो, मालवणकडे भरती त्याच्या थोडी आधी येते. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे. बोर्ड घेऊन उतरण्याआधी भरतीचे अधिकृत वेळापत्रक बघावेच, आणि हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था लाटांचे अंदाज देते तेही. पण बोटांवर जमणारा हिशेब डोक्यात पक्का बसतो.

वाऱ्याचे सांगायला फार लागत नाही. खारे वारे आणि मतलई वारे आपण सहावी-सातवीत घोकले आहेत. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा लाटेच्या तोंडावर येतो, तिला सावरून धरतो, लाट स्वच्छ उभी राहते. अकराच्या सुमारास खारा वारा सुटला की लाटांचा चेंदामेंदा होतो.

वाळू येते कुठून

एका पोराने विचारले, मग आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे सुरतेचा, तिथेच का जायचे नाही? आपली गिरणा तापीला मिळते, तापी सुरतेजवळ डुमसला समुद्राला मिळते. प्रश्न बरोबर होता. पण खंबातच्या आखाताच्या आसपास समुद्राचा तळ फार दूरपर्यंत उथळ आहे. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. इतक्या लांब उथळ तळावर घासत येताना लाटेची ऊर्जा वाटेतच जिरते. शिवाय भरती-ओहोटीतला फरक इतका मोठा की फुटण्याची जागा स्थिरावतच नाही, आणि पाण्यात गाळ फार.

तापी 724 किलोमीटर वाहते. तिच्या आणि गिरणा, पांझरा, पूर्णेच्या पुरांनी आणलेली वाळू एके काळी समुद्रापर्यंत जात असणार. 1972 साली उकाई धरण झाले आणि जाड वाळू तिथेच थांबू लागली. गिरणेचे तर आम्ही डोळ्यांदेखत पाहिले. लहानपणी ज्या वाळूवर आम्ही अनवाणी पळायचो, तिथे आज ट्रॅक्टरने उकरलेले खड्डे आहेत, आणि पहिल्या पुराला त्यांतच पोरे बुडतात. हे लिहिताना राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

नदीमुखाची वाळू काढली की लाट मरते, याचे उदाहरण स्पेनच्या बास्क प्रांतात आहे. मुंडाका इथे ओका नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा होता आणि त्यावर जगातली नावाजलेली लाट फुटायची. 2003 साली नदीमुखातली वाळू उपसली गेली आणि लाट विस्कटली. 2005 ची जागतिक पातळीवरची स्पर्धा रद्द करावी लागली. पुढे नदीने आणि समुद्राने वाळू पुन्हा रचली तेव्हा लाट परत आली. उलटे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. ट्वीड नदीच्या मुखाशी अडणारी वाळू 2001 पासून पंपाने पलीकडे टाकू लागले, वर्षाला सुमारे पाच लाख घनमीटर, आणि पलीकडे इतका लांब दांडा तयार झाला की त्याला सुपरबँक हे नावच पडले. नामिबियाच्या वाळवंटात स्केलेटन बे म्हणून जागा आहे. तिथे वाळूतून गाडी हाकत जावे लागते, आणि जगाला ती 2008 च्या सुमारास उपग्रहाच्या चित्रांवरून कळली. वाळूच्या एका जिभेवर लाट दोन किलोमीटरच्या आसपास उलगडत जाते. तीही जीभ सतत सरकते आहे.

अंधारून आले होते. भाच्याने काढलेला नकाशा आता चांगला भरला होता: दोन चंद्रकोरी, मध्ये खिंड, खिंडीत बाण. मी विचारले, तू पाण्यात कुठून शिरशील? त्याने खिंडीवर काडी ठेवली. बोर्ड नसेल तर? काडी उचलून त्याने पुळणीवर ठेवली, "मग काठावर बसेन."

मग तो बोटांवर मोजू लागला. भाऊबीज करून रात्री निघायचे, चाळीसगावहून कल्याण, तिथून कोकण रेल्वेने तृतीयेला कुडाळ. चतुर्थीची सकाळ पहिली. चार पाऊणे तीन, भरती तीनला. सव्वासहा तास मागे गेले की ओहोटी पावणेनऊला. "मालवणकडं थोडं आधी धरायचं ना मामा? म्हणजे आठ-सव्वाआठ. अन् अकराला खारा वारा. पावणेतीन-तीन तास मिळतील."

"त्यातले वीस मिनिटं सड्यावर जातील," मी म्हणालो.

"अन् हा नकाशा?" त्याने वाळूतल्या रेघांकडे पाहत विचारले. त्यांच्या कडा कोरड्या होऊन ढासळायला लागल्या होत्या.

"तो तठे जाईसन नवा काढू."